सत्तावीस भूतविवरं

छत्तीस वर्षांपूर्वी कपाटात गेलेले दोन कागद एखाद्या मंगळवारी सकाळी, ऐन नाश्त्याच्या वेळेला, आपल्या घरी चालत येतील असं बिंदुमाधवरावांना कधी वाटलं नव्हतं. पण ते आले. पुठ्ठ्याच्या लांब नळीत गुंडाळलेले, संपदाच्या काखेत.

संपदा मूळची पुण्याची. बिंदुमाधवराव ज्या संस्थेतून तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तिथंच ती आता संशोधन करत होती. विषयही त्यांचाच, चंद्रावरची विवरं मोजण्याचा. फरक इतकाच की त्यांनी उभा जन्म भिंग आणि पेन्सिल घेऊन जेवढी मोजली, तेवढी तिचा संगणक चहा पिऊन येईपर्यंत मोजत असे.

"सर, घाबरू नका हं," ती दारातच म्हणाली. "दोनच मिनिटांचं काम आहे."

घाबरू नका म्हटल्यावर बिंदुमाधवराव घाबरले. रिक्षावाल्यानं 'एल्ली सार', कुठं जायचं, असं विचारलं तरी आपला पत्ता आपल्याला नक्की आठवतोय ना, हे आधी मनात तपासून घेणारा हा माणूस.

"आत ये, बस," सावित्रीबाई इडल्यांची ताटली घेऊन आल्या. "आणि अहो, तुम्हीही बसा. उभ्यानं बातमी ऐकली की यांना चक्कर येते गं."

"वाईट बातमी नाहीये काकू. इंटरेस्टिंग आहे."

तिनं नळीतून दोन ट्रेसिंग पेपर काढले आणि टीपॉयवर पसरले. कडा पिवळ्या पडलेल्या. दोन्हींवर चंद्रावरच्या एकाच काळ्या मैदानाची शेकडो वर्तुळं, पेन्सिलीनं काढलेली. एका कागदाच्या कोपऱ्यात 'बिं.' असं लिहिलेलं. दुसऱ्याच्या कोपऱ्यात 'अ.' म्हणजे अहल्या, त्यांची तेव्हाची मोजणीतली जोडीदार.

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. एकदा पडलेला खड्डा अब्जावधी वर्षं तसाच राहतो. त्यामुळं जमीन जितकी जुनी तितके तिच्यावर खड्डे जास्त, आणि खड्डे मोजले की जमिनीचं वय निघतं. पण मोजणारी माणसंच. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून संस्थेत एक नियम होता. एकाच फोटोवर दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आपापला कागद आपापल्या खणात कुलपात ठेवायचा, आणि सोमवारी सकाळी तिसऱ्या माणसासमोर दोन्ही कागद एकावर एक ठेवून बघायचे. तोवर दुसऱ्याच्या कागदावर नजरसुद्धा टाकायची नाही. हे अगदी सोवळ्यासारखं पाळलं जाई.

"नव्या यानानं या भागाचे फार बारीक फोटो दिलेत," संपदा सांगू लागली. "उंचसखलपणाच्या मापांसकट. त्यावर मी तुमच्या दोघांची मोजणी ताडून बघितली. तुमची नेहमीची विवरं जवळजवळ सगळी करेक्ट आहेत, सर. मानलं! पण ही सत्तावीस..." तिनं बोट फिरवलं. "ही तिथं नाहीतच. नुसती सपाट जमीन आहे."

"भूतविवरं," बिंदुमाधवराव पुटपुटले.

"काय म्हणालात?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"जुन्या विवरावर लाव्हा पसरला की ते बुडतं काकू," संपदानं समजावलं. "वर फक्त काठाची पुसट रेघ उरते. त्याला भूतविवर म्हणतात. या दोघांना अशी सत्तावीस दिसली होती. आता एका माणसाला नसलेलं दिसलं, तर मी समजू शकते. जुना फोटो, दमलेले डोळे. पण दोन माणसांना, वेगवेगळं बसून, त्याच जागी, त्याच मापाची, सत्तावीसच्या सत्तावीस?"

"म्हणजे कुणीतरी कुणाचं तरी बघितलं," सावित्रीबाई सांबार वाढता वाढता म्हणाल्या.

बिंदुमाधवरावांचा चमचा ताटलीला लागून वाजला.

"तेच तर. अहल्या मॅडम सरांना आठ वर्षांनी ज्युनियर होत्या. मला वाटतं त्यांनी सरांचा कागद बघितला असणार. मी त्यांना नावं ठेवत नाहीये. पण मोजणाऱ्यांच्या चुकांवर माझा लेख आहे, त्यात याचा एक परिच्छेद येतोय. शुक्रवारी पाठवायचाय. त्यांच्या मुलीलाही मसुदा पाठवलाय, न सांगता छापणं बरं नाही म्हणून. तुमची काही हरकत नाही ना सर?"

याच क्षणी बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. बिंदुमाधवरावांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "इडली गार होतेय, खाऊन घे."

*

अहल्या त्यांच्यासारखीच बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली. घरात मराठी, दारात कन्नड. पहिल्याच दिवशी तिनं त्यांना अण्णा म्हटलं आणि ते सात वर्षं अण्णाच राहिले. तिचा हात मोकळा होता, डोळा धीट होता. फोटोवर भिंग धरून ती खालचा ओठ चावायची आणि मग एका फेऱ्यात वर्तुळ पुरं करायची. बिंदुमाधवराव एकेका वर्तुळापाशी तीन-तीनदा परत येत. हे विवर की डाग? आपल्याला दिसतंय, की दिसावंसं वाटतंय?

त्या शनिवारी साडेपाचनंतर सगळे गेले होते. बिंदुमाधवरावांची मोजणी पुरी झाली होती आणि ती चुकली आहे याची त्यांना खात्री होती. कशावरून, ते सांगता आलं नसतं. सोमवारी दोन कागद एकावर एक ठेवल्यावर आपलं आंधळेपण सगळ्यांसमोर उघडं पडणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. संस्थेतली टेबलं सगळी एकाच कारखान्यातून आलेली, आणि एका खणाची किल्ली सगळ्या खणांना लागे. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी लावून बघत नसे.

त्यांनी लावली.

तिचा कागद खाली, आपला वर. ट्यूबलाइट मिणमिणत होती, खालचं जेमतेम दिसत होतं. बहुतेक वर्तुळं जुळली. सत्तावीस जास्तीची निघाली, मोठी, पुसट, एकमेकांपासून दूर दूर. त्यांच्या कागदावर तिथं मोकळी जागा होती. तिला दिसलं म्हणजे असणार, आपलेच डोळे थिटे. त्यांनी टोकदार पेन्सिल घेतली आणि ती वर्तुळं एकेक करून गिरवली. रेघ हलू नये म्हणून दाबून गिरवली.

मग कागद पुन्हा कुलपात ठेवून त्यांनी मूळ फोटो भिंगाखाली धरला. सत्तावीसही विवरं दिसत होती. मघाशी जिथं काही म्हणजे काही नव्हतं, तिथं फिकट कडी उमटली होती. पुष्कळ प्रयत्न करूनही ती त्यांना पुन्हा 'न दिसती' करता येईनात.

सोमवारी सगळं जुळलं. अहल्यानं टाळीच वाजवली. "अण्णा, तुम्हांलाही दिसली? खरंच? मला वाटलं मीच वेडी झाले!" त्या सत्तावीस विवरांवर तिनं पुढं मोठा सिद्धांत उभा केला. त्या मैदानावरचा लाव्हा पातळ आहे, आणि सगळे समजतात त्यापेक्षा फार जुना आहे. लेखावर पहिलं नाव तिचं, दुसरं त्यांचं.

पाच वर्षांनी एका परिषदेत परदेशी पाहुण्यानं त्याच मैदानाची नवी मापं पडद्यावर टाकली. भूतविवर एकही नव्हतं. "ही विवरं," तो हसून म्हणाला, "फक्त बेंगळुरूहूनच दिसतात." सभागृह खदखदून हसलं. अहल्या उठून उभी राहिली. "दोन माणसांनी एकमेकांचं न बघता ती नोंदवली आहेत," ती म्हणाली, आणि मान वळवून पाचव्या रांगेत बसलेल्या बिंदुमाधवरावांकडे बघितलं.

त्यांनी मान डोलावली.

दोन वर्षांत तिनं संशोधन सोडलं. के. आर. पुरमच्या एका कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवू लागली. सहा वर्षांपूर्वी गेली. बिंदुमाधवरावांना कुणी काही विचारलं नाही, कारण त्यांनी कधी काही ठासून सांगितलंच नव्हतं. शाळांमधून ते रागीच्या पिठावर तांदळाचं पीठ भुरभुरत, वरून गोटी टाकून मुलांना विवर दाखवत. म्हणत, "चंद्रावर दगड आदळतो तो सेकंदाला वीस किलोमीटर वेगानं. तो खड्डा खणत नाही. त्याचाच स्फोट होतो, म्हणून तिरका आला तरी विवर गोलच पडतं. तुमची गोटी पिठात सापडेल. तिथला दगड सापडत नाही, वाफ होऊन जातो." मुलं माना डोलवत, आणि बिंदुमाधवराव दर वेळी त्या पांढऱ्या पिठावरून नजर काढून घेत.

कारण ती कडी गेली नव्हती. भिंतीच्या गिलाव्यावर ती दिसत. आटलेल्या दुधाच्या पातेल्यात दिसत. पांढऱ्या आभाळाकडं फार वेळ बघितलं तर तिथंही, फिकट, काठापुरती, आत काही नसलेली. मग कानाशी कुणीतरी अगदी उत्साहानं विचारी, "दिसतंय ना अण्णा?" आणि मनातल्या मनात त्यांना हो म्हणावं लागे. तोवर ती जात नसत.

*

बुधवारी दुपारी फोन आला.

"बिंदूमामा, मी देवश्री. अहल्याची."

या मुलीला त्यांनी परकरी पोर असताना बघितलं होतं. आता आवाज हुबेहूब आईचा. त्यांनी टेबलाची कड धरली.

"बोल ना, बाळ."

"त्या संपदाबाईंनी पाठवलेलं वाचलं. मला त्यातलं स्वल्पच कळतं, मी बँकेत आहे. एकच विचारते मामा. आईनं तुमचं बघून काढलं होतं का? तुम्ही हो म्हणालात तर मी त्यांना सरी, ठीक आहे म्हणून कळवते. भांडणार नाही. पण ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मी उद्या येऊन सांगतो," बिंदुमाधवराव म्हणाले.

"हो की नाही, एवढंच आहे ना मामा?"

"उद्या येतो, देवश्री."

मग ती म्हणाली, "म्हणजे हो," आणि तिनं फोन ठेवला.

सावित्रीबाई समोरच पालक निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत, होय ना?"

"तुला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं हॉटेलात शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघून तुम्ही मागवता. त्या पोरीनं तुमचं बघितलं असेल, यावर माझा कसा विश्वास बसेल?" त्यांनी एक सडकं पान बाजूला टाकलं. "उद्या सकाळी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवते."

*

गुरुवारी दहाला ते संस्थेत पोचले. वाक्य त्यांनी बसमध्ये पाठ केलं होतं.

"संपदा, तुझा तो परिच्छेद उलटा आहे. बघितलं ते मी. तिनं नाही."

संपदानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळुवारपणे म्हणाली, "सर, तुम्ही फार चांगले आहात."

"अगं, ऐक तर..."

"त्या आता नाहीत. त्यांच्याबद्दल असं छापून येतंय, तुम्हांला वाईट वाटणारच. पण तुम्ही म्हणताय म्हणून मी कसं बदलू? कुणीही म्हणेल, म्हाताऱ्या सहकाऱ्यानं आळ स्वतःवर घेतला. पुरावा हवा ना."

बिंदुमाधवरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. छत्तीस वर्षं न बोललेलं बोलून झालं होतं, आणि ते कुणी घेत नव्हतं. क्षणभर, खरं सांगायचं तर, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आपण सांगितलं. तिनं ऐकलं नाही. आता घरी जावं.

"आणि तुझ्याकडं कुठला पुरावा आहे?" त्यांचा आवाज एवढा चढलेला त्यांनीही कधी ऐकला नव्हता. "ती लहान होती, एवढाच ना?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तोही पुरावा नाही."

"कागद काढ. तिचा."

तिनं तो टेबलावर पसरला.

"पडदे ओढ. दिवा बंद कर. तुझ्या फोनचा दिवा टेबलाला टेकवून धर, वरून नको, कडेनं."

खोली अंधारली. उजेड कागदावरून जवळजवळ आडवा सरकला. सूर्य डोक्यावर असला की चंद्रावरचेही खड्डे दिसत नाहीत, सावलीच पडत नाही. ऊन कलतं लागतं. संपदाला हे सांगायची गरज नव्हती. ती कागदावर वाकली.

कागदभर अहल्याची वर्तुळं होती. त्यांतल्या काही वर्तुळांलगत, केसभर सरकलेली, बिनरंगाची एक खाच उमटली होती. पेन्सिलीचा कण नाही, नुसता दाब. या कागदावर दुसरा कागद ठेवून कुणीतरी जोर देऊन गिरवल्याची खूण.

"मी दाबून काढली होती," बिंदुमाधवराव म्हणाले. "तिचा कागद खाली होता."

संपदा मोजू लागली. टेबलाभोवती फिरत, दिवा सरकवत, पुटपुटत. शेवटी सरळ उभी राहिली. "सत्तावीस. बाकी एकालाही नाही." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सर, पण हे शेजारी काय आहे?"

"कुठं?"

"प्रत्येकाच्या शेजारी आहे. खोडलंय, पण ठसा राहिलाय. अक्षर दिसतंय एक."

त्यांनी चष्मा वर केला आणि नाक कागदाला लागेल इतके वाकले. कलत्या उजेडात बारीक, तिरकं अक्षर उभं राहिलं. 'सं'.

"संशयित," ते म्हणाले. "खात्री नसलेल्या विवरापाशी ती 'सं' लिहायची. बारीक, टणक पेन्सिलीनं. सोमवारी जोडीदाराच्या कागदावर ते विवर नसलं, तर विवर आणि अक्षर दोन्ही खोडून टाकायची. असलं, तर नुसतं अक्षर."

"म्हणजे ही सत्तावीस त्या..." संपदा बोलता बोलता थांबली.

"खोडणार होती."

त्या संध्याकाळच्या मिणमिणत्या उजेडात, वरच्या कागदातून, ते अक्षर त्यांना दिसलं नव्हतं. आणि सोमवारी तिच्या कागदाकडं डोळे वर करून बघायची हिंमत नव्हती. एवढं मात्र आता आठवलं, की टाळी वाजवून झाल्यावर तिनं त्यांच्याकडं रबर मागितला होता, आणि खिडकीपाशी बसून बराच वेळ, गुणगुणत, काहीतरी पुसत होती. इतकी वर्षं ते समजत आले होते की तिच्या चुकीत आपण चोरून सामील झालो. चूक तिची नव्हतीच. तिनं फक्त शंका घेतली होती, आणि त्यांनी ती मिटवली होती.

"मी परिच्छेद पुन्हा लिहिते," संपदा खालच्या आवाजात म्हणाली. "पण सर, तुमचं नाव येईल."

"येऊ दे."

"देवश्रींना मी कळवू का?"

"नको," बिंदुमाधवराव म्हणाले. "तिला मी उद्या येतो म्हणून सांगितलंय. तो उद्या आजच आहे."

*

मेट्रोनं के. आर. पुरमला उतरून ते विचारत विचारत घरापर्यंत गेले. देवश्री बँकेतून नुकतीच आली होती. तिनं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"मग ठीक आहे म्हणून कळवून टाकू ना, मामा?"

"कळवू नकोस. आईनं माझं बघितलं नव्हतं. मी तिचं बघितलं. तिच्या खणातून काढून."

ती बाजूला झाली. ते आत जाऊन मिळाल्या खुर्चीत बसले, आणि सगळं सांगितलं. शनिवार, सोमवार, 'सं', परिषद, डोलावलेली मान. थांबले की ती म्हणायची, "पुढं." रडली नाही. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "तिनं वळून बघितलं तेव्हा तुम्ही किती लांब होतात?"

"पाचव्या रांगेत. तिला मी नीट दिसत होतो."

देवश्रीनं खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावरून एक दुधाची गाडी गेली.

"नवे फोटो आले की ती मोबाइलवर मोठे करून बघायची," ती सांगू लागली, त्यांच्याकडं न बघता. "शेवटच्या वर्षात तर रोज. मी म्हणायचे, आई, सोड की आता. एवढ्या लोकांनी सांगितलं ना, तिथं काही नाही म्हणून. तर म्हणायची, अण्णांनाही दिसली होती गं. ते कशाला खोटं बोलतील? आहेत ती तिथंच, माझेच डोळे गेलेत."

बिंदुमाधवरावांनी चष्मा काढून हातात धरला.

"मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं, मामा. चार वेळा. दर वेळी हट्ट, नंबर वाढवून द्या. डॉक्टर बिचारे वैतागले. मला बाजूला घेऊन म्हणाले, या बाईंच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. या वयात इतकं स्वच्छ दिसणारे डोळे मी बघितले नाहीत."

ती उठली आणि आत गेली. जा म्हणाली नाही, थांबा म्हणाली नाही. आत नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तो बंद झाल्याचा आवाज पुष्कळ वेळ आला नाही. बिंदुमाधवराव हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.